‘कंजरर’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजी पुस्तकांत जादूगाराला जीं अनेक नांवें दिलेलीं आढळतात, त्यांत ‘कंजरर’ हें एक नांव वारंवार येतें. वर्गांत हा शब्द आला, कीं विद्यार्थ्यांस एक शंका हटकून येते. एका पुस्तकांत त्याचीं शेवटचीं दोन अक्षरें ‘ई-आर्’ अशीं छापलेलीं असतात, तर दुसऱ्या पुस्तकांत ‘ओ-आर्’ अशीं असतात. यांतील शुद्ध रूप कोणतें, आणि परीक्षेंत कोणतें लिहिलें असतां गुण कापले जाणार नाहींत, असा त्यांचा प्रश्न असतो. उत्तर एका ओळींत देतां येण्यासारखें आहे : दोन्ही रूपें शुद्ध आहेत. इंग्लंडांत दोन्ही चालतात, अमेरिकेंत ‘ई-आर्’ या रूपाचा प्रचार अधिक आहे. मात्र एका लेखांत एकच रूप शेवटपर्यंत ठेवावें, म्हणजे झालें.

एवढें सांगून थांबावें, तर एक मोठी मौज हातची जाईल. हा शब्द दोन रूपांनीं लिहिला जातो, त्याचप्रमाणें तो दोन अगदीं निराळ्या प्रकारच्या माणसांना लागतो. एक माणूस म्हणतो, “मला भूतपिशाचें वश आहेत.” दुसरा म्हणतो, “माझे हात चपळ आहेत. पाहा, तुमचे डोळे फसतात कीं नाहीं.” या दोघांना एकच नांव कसें मिळालें, आणि त्यांच्यांतील भेद ओळखण्यास इंग्रज लोकांना किती शतकें लागलीं, ही कथा विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि ऐकण्यासारखी आहे.

प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. लॅटिन भाषेंत ‘यूरारे’ म्हणजे शपथ घेणें, आणि ‘कोन्’ म्हणजे एकत्र. तेव्हां ‘कोन्यूरारे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘अनेकांनीं मिळून शपथ घेणें’ असा होतो. असे शपथबद्ध लोक बहुधा कांहीं गुप्त कारस्थान करण्यासाठींच जमत, म्हणून ‘कट करणें’ हाहि अर्थ त्याला चिकटला. ख्रिस्तपूर्व ६३ या वर्षीं रोम येथें कॅटिलाइन नांवाच्या सरदारानें राज्य उलथून टाकण्याचा कट केला, त्याला लॅटिन भाषेंत हाच शब्द लावितात. जादूचा आणि या शब्दाचा त्या काळीं विशेष संबंध नव्हता. याच कुळांतले दुसरे कांहीं शब्द आपल्या परिचयाचे आहेत. शपथ घेऊन न्यायासाठीं बसणारें मंडळ तें ‘ज्यूरी’. त्या मंडळाचा सभासद तो ‘ज्यूरर’. शपथेवर खोटें बोलणें तें ‘पर्जरी’, आणि तो अपराध करणारा तो ‘पर्जरर’.

आतां शपथेचा भुताशीं संबंध कसा आला, हें समजण्यास आपली मराठी भाषा फार उपयोगी पडते. मराठींत शपथ ‘घेणें’ आणि शपथ ‘घालणें’ असे दोन प्रयोग आहेत. साक्षीदार न्यायालयांत शपथ घेतो. उलट आई मुलाला म्हणते, “तुला माझी शपथ, खरें सांग”. येथें ती मुलाला शपथ घालते, म्हणजे शपथेच्या बळानें त्याला बोलण्यास भाग पाडते. मध्ययुगांत युरोपांतील लोकांची अशी समजूत होती, कीं पिशाचालाहि याच रीतीनें पवित्र नांवांची शपथ घालतां येते, आणि मग त्याला आज्ञा मोडतां येत नाहीं. आपल्याकडे पंचाक्षरी किंवा देवऋषी झपाटलेल्या माणसाच्या अंगांतील भुताला देवाची आण घालून “तूं कोण, बोल” असें विचारतो. तोच हा प्रकार. पवित्र शास्त्रांत, प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत, स्किवाच्या सात पुत्रांची जी गोष्ट आहे, तींतहि असाच प्रयत्न वर्णिलेला आहे. श्रद्धा नसतां केवळ नांवाची शपथ घालूं गेलेल्या त्या माणसांची शेवटीं कशी दाणादाण उडाली, तें वाचकांस ठाऊकच आहे.

अशा रीतीनें ‘कंजर’ या क्रियापदाचा अर्थ ‘शपथ घालून भूत बोलाविणें किंवा घालविणें’ असा झाला, आणि हें काम करणारा तो ‘कंजरर’ ठरला. जुन्या इंग्लंडांतील लेखक चेटकी आणि कंजरर यांत भेदहि करीत. चेटकी ही सैतानाची बटीक; कंजरर हा पोथी वाचणारा, लॅटिन जाणणारा, जमिनीवर मंडल काढून त्यांत उभा राहणारा आणि पिशाचावर हुकूम चालविणारा, अशी कल्पना होती. जुना अर्थ अद्यापि पुसून गेलेला नाहीं. याच क्रियापदाचा उच्चार दुसऱ्या अवयवावर आघात देऊन ‘कन्जूअर’ असा केला, तर त्याचा अर्थ ‘शपथ घालून विनविणें’ असा होतो; पहिल्या अवयवावर आघात देऊन ‘कंजर’ म्हटलें, तर जादूचा अर्थ होतो. लेखन एक, उच्चार दोन, असा हा शब्द आहे. मोठ्यानें वाचतांना विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां लेखनाच्या दोन रूपांचें कारण सांगतों. ‘करणारा’ हा अर्थ दाखविण्यासाठीं इंग्रजींत दोन प्रत्यय आहेत. ‘ई-आर्’ हा घरचा प्रत्यय. ‘टीचर’, ‘सिंगर’, ‘बेकर’ हे शब्द पाहा. क्रियापद घ्यावें, त्याला प्रत्यय जोडावा, कीं शब्द तयार. ‘ओ-आर्’ हा लॅटिनांतून, पुष्कळदां फ्रेंचच्या वाटेनें, आलेला पाहुणा. ‘डॉक्टर’, ‘ॲक्टर’, ‘गव्हर्नर’ हे शब्द त्या वळणाचे होत. ‘कंजरर’ हा शब्द फ्रेंचमधून आलेला असल्यामुळें त्याला पाहुण्याचा प्रत्यय शोभतो. आणि ‘कंजर’ हें क्रियापद इंग्रजींत रुळलेलें असल्यामुळें त्याला घरचा प्रत्ययहि लागतो. म्हणून दोन्ही रूपें टिकलीं.

या कुळांतील भावंडांकडे पाहिलें, तर एक गमतीची गोष्ट दिसते. ज्यूरर, म्हणजे खरी शपथ घेणारा, नेहमीं ‘ओ-आर्’ असा लिहितात. पर्जरर, म्हणजे खोटी शपथ घेणारा, नेहमीं ‘ई-आर्’ असा लिहितात. कंजरर मात्र दोघांच्या मध्यें उभा राहून दोन्ही टोप्या घालतो! हा केवळ योगायोग आहे. एका रूपाचा अर्थ भूत बोलाविणारा व दुसऱ्याचा अर्थ हातचलाखी करणारा, असा भेद कोणताहि प्रमाण शब्दकोश करीत नाहीं. तथापि लेखन पाठ करण्यास ही जोडी चांगली उपयोगी पडते.

सोळाव्या व सतराव्या शतकांतील इंग्लंडांत हा शब्द कोणी आपल्याविषयीं उच्चारला, तर तो थट्टेवारी नेण्याचा विषय नव्हता. इ. स. १५६३ मध्यें राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत, आणि पुन्हां इ. स. १६०४ मध्यें राजा पहिला जेम्स याच्या कारकीर्दींत, पार्लमेंटानें याविषयीं कडक कायदे केले. १६०४ च्या कायद्याच्या नांवांतच चेटकाबरोबर ‘कंजरेशन’ हा शब्द आहे. दुष्ट पिशाचाला आवाहन करणें हाच देहांत शिक्षेचा अपराध होता. त्यापासून कोणास इजा झालीच पाहिजे, असेंहि नव्हतें. चेटकाच्या आरोपावरून कित्येक निराधार म्हाताऱ्या बाया फांसावर लटकल्या.

परंतु त्याहि काळीं एका गृहस्थानें निराळा सूर काढिला. केंट परगण्यांत राहणाऱ्या रेजिनाल्ड स्कॉट यानें इ. स. १५८४ मध्यें चेटकाच्या भ्रमाविषयीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकी म्हणून ज्यांना धरतात, त्या बहुतेक दरिद्री, दुबळ्या किंवा भ्रमिष्ट स्त्रिया असतात, असें त्यानें प्रतिपादिलें. एवढ्यावर न थांबतां त्यानें जत्रेंतील खेळ करणाऱ्यांच्या युक्त्याहि उघड करून दाखविल्या. नाणें कसें नाहींसें करतात, पत्ते कसे बदलतात, सुरी शरीरांतून आरपार गेल्यासारखी कशी दिसते, आणि तुटलेलें शिर ताटांत ठेवल्याचा देखावा भोंक पाडलेल्या मेजानें कसा साधतात, हें सर्व त्यांत आहे. ज्या गोष्टी पाहून लोक सैतानाचें नांव घेतात, त्यांतल्या पुष्कळ मनुष्याच्या दहा बोटांनीं होतात, हें त्यास दाखवावयाचें होतें. राजा जेम्स यानें इ. स. १५९७ मध्यें स्वतः एक पुस्तक लिहून स्कॉटच्या मतांचा धिक्कार केला.

स्कॉटच्या काळीं असे खेळ करणाऱ्यास ‘कंजरर’ म्हणत नसत, हें येथें लक्षांत घ्यावें. त्याला ‘जगलर’ म्हणत. हा शब्द थट्टामस्करी करणाऱ्या विदूषकाच्या लॅटिन नांवापासून आलेला आहे. म्हणजे त्या वेळीं दोन धंद्यांना दोन नांवें होतीं : भूत बोलाविणारा तो कंजरर, हात चालविणारा तो जगलर. पुढें जगलर हा शब्द गोळे व सुऱ्या हवेंत झेलणाऱ्यांकडे सरकूं लागला. विल्यम हॅझलिट यानें इ. स. १८२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत पितळी गोळे झेलणाऱ्या हिंदी खेळाडूंचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. त्यांना तो जगलर म्हणतो.

मग कंजरर हें भयंकर नांव खेळ करणाऱ्याकडे कसें आलें? त्याचें कारण लोकांच्या समजुतींत पडलेला फरक होय. इ. स. १७१२ मध्यें हर्टफर्ड येथें जेन वेनम नांवाच्या वृद्ध स्त्रीवर चेटकाचा आरोप ठेवण्यांत आला. पंचांनीं तिला दोषी ठरविलें. परंतु न्यायाधीशाचा त्या पुराव्यावर विश्वास बसला नाहीं, आणि राणी ॲन हिनें तिला क्षमा केली. इ. स. १७३५ मध्यें पार्लमेंटानें जुना कायदा रद्द करून नवा केला. त्यानें जुन्या कायद्याचें तोंडच फिरविलें. चेटूक केल्याबद्दल यापुढें कोणावरहि खटला होणार नव्हता. परंतु मला चेटूक येतें, भूत बोलावितां येतें, हरवलेली वस्तु गुप्त विद्येनें सांगतां येते, असें जो ढोंग करील, त्याला एक वर्षाचा तुरुंगवास, आणि दर तीन महिन्यांनीं भरबाजारांत लांकडी चौकटींत मान अडकवून उभें राहण्याची शिक्षा ठरली. आदल्या शतकांत जो मनुष्य पिशाचांचा धनी म्हणून फांसावर गेला असता, तोच आतां लुच्चा म्हणून लोकांच्या हंशाचा विषय होऊं लागला.

डॉक्टर जॉन्सन याचा इ. स. १७५५ चा सुप्रसिद्ध कोश पाहिला, तर हा बदल त्यांत उमटलेला दिसतो. तेथें कंजरर याच्या अर्थांत मांत्रिकाबरोबर गुप्त विद्येचें सोंग आणणारा ठग हाहि अर्थ दिला आहे. याच सुमारास ‘तो कांहीं कंजरर नव्हे’ असा एक वाक्प्रचार इंग्रजींत रूढ होता. त्याचा अर्थ ‘तो फारसा हुशार नाहीं’ एवढाच. शब्दाचें भय असें ओसरत गेलें, आणि मोकळ्या झालेल्या त्या नांवाखालीं हळूहळू करमणूक करणारा कलावंत येऊन बसला. लंडनच्या जत्रांतून खेळ करणारा आयझॅक फॉक्स हा तर ‘हाताचें चापल्य’ हेंच आपल्या जाहिरातींत मिरवीत असे. हॉगार्थ या चित्रकारानें इ. स. १७२४ च्या एका चित्रांत त्याची पाटी दाखविली आहे.

तथापि खेड्यापाड्यांतून जुना अर्थ लवकर गेला नाहीं. टॉमस हार्डी याच्या इ. स. १८८८ मधील एका कथेंत दुखणेकरी स्त्री ज्या ‘कंजरर’कडे सल्ल्यास जाते, तो हातचलाखी करणारा नव्हे, तो आपल्याकडील देवऋष्यासारखा गांवाबाहेर राहणारा जाणता आहे. अमेरिकेंतील निग्रो लोकांतहि जडीबुटी व करणी जाणणाऱ्या स्त्रीला याच शब्दानें ओळखीत. चार्ल्स चेसनट याच्या इ. स. १८९९ च्या कथासंग्रहाच्या नांवांतच तो आहे. यास्तव हा शब्द आढळला, कीं तो कोणत्या काळचा व कोणाच्या तोंडचा, हें पाहूनच अर्थ करावा. १६०४ च्या कायद्यांत त्याचें भाषांतर ‘पिशाचाचें आवाहन करणारा’ असें होईल. हार्डीच्या कथेंत ‘देवऋषी’ असें होईल. नाटकगृहाच्या जाहिरातींत ‘हातचलाखीचे प्रयोग करणारा जादूगार’ असें होईल. एकच मराठी शब्द तिन्ही ठिकाणीं बसविणारा विद्यार्थी तिहींतून दोन ठिकाणीं चुकेल.

एकोणिसाव्या शतकांत या नव्या कंजररनें आपल्या जुन्या नांवबंधूवरच शस्त्र धरिलें, हा या कथेंतील सर्वांत सुंदर भाग होय. इ. स. १८६४ मध्यें डॅव्हनपोर्ट नांवाचे दोघे अमेरिकन बंधु इंग्लंडांत आले. आपणांस दोरांनीं बांधून कपाटांत बंद केलें असतां आंत मृतात्मे येऊन वाद्यें वाजवितात, असा त्यांच्या खेळाचा बोलबाला होता. चेल्टनहॅम येथें जॉन नेव्हिल मॅस्केलिन हा तरुण घड्याळजी तो खेळ पाहण्यास गेला. खिडकीवरचा पडदा क्षणभर सरला, उजेडाची तिरीप आंत शिरली, आणि मृतात्मा म्हणविणाऱ्याचा जिवंत हात वाद्य फेंकतांना त्यास दिसला. हा सर्व प्रकार मृतात्म्यांवांचून करून दाखवीन, असें त्यानें तेथल्या तेथें जाहीर केलें, आणि कांहीं महिन्यांत करून दाखविलें. पुढें तो इंग्लंडांतील अग्रगण्य कंजरर झाला. अमेरिकेंत हॅरी हूडिनी यानें आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हेंच काम केलें. शोकग्रस्त लोकांना त्यांच्या मृत आप्तांशीं बोलवितों असें सांगून पैसे उकळणाऱ्यांचीं कपटें त्यानें चव्हाट्यावर मांडिलीं. हातचलाखी जाणणारा मनुष्यच हातचलाखी ओळखूं शकतो, विद्वानाचेंहि तेथें चालत नाहीं.

इंग्रजांच्या कायद्यानेंहि शेवटीं हा भेद मान्य केला. १७३५ चा कायदा इ. स. १९५१ मध्यें रद्द होऊन त्याच्या जागीं जो नवा कायदा आला, त्यांत मृतात्म्यांशीं बोलतों असें सांगून फसविणाऱ्यास शिक्षा होती. परंतु केवळ करमणुकीसाठीं केलेल्या प्रयोगांस ती लागू नाहीं, असें स्पष्ट लिहिलें होतें. तोहि कायदा इ. स. २००८ मध्यें मागें पडला, आणि ग्राहकांच्या फसवणुकीविषयींचे सामान्य नियम त्याच्या जागीं आले.

आपल्या मराठी शब्दांचा प्रवासहि असाच आहे. ‘जादू’ हा शब्द फारशींतून आला. त्याचा सगोत्र संस्कृत शब्द ‘यातु’ हा वेदांत दुष्ट अभिचाराविषयीं येतो, आणि ‘यातुधान’ म्हणजे असा अभिचार करणारा राक्षस. आज त्याच जादूचे प्रयोग आपण तिकीट काढून मुलांना दाखवितों. ‘गारुड’ म्हणजे मूळची सर्पविष उतरविण्याची विद्या, सर्पशत्रु गरुडाच्या नांवानें ओळखली जाणारी. ती जाणणारा तो गारुडी. आज गारुडी म्हटलें, कीं टोपलींतला साप आणि पुंगी वाजवून चौकांत खेळ करणारा माणूस डोळ्यांपुढें येतो. शब्द करमणुकीकडे वळला. परंतु विष मंत्रानें उतरतें ही समजूत मात्र कित्येक घरांत अद्यापि मूळ धरून बसली आहे.

आणि येथें हा विषय शब्दकोशाबाहेर येऊन आपल्या उंबरठ्यावर उभा राहतो. नाग किंवा घोणस चावली असतां घटका-घटकेला महत्त्व असतें. रुग्णालयांत मिळणारी प्रतिविषाची लस जितकी लवकर टोंचली जाईल, तितकी जीव वांचण्याची आशा अधिक. तो वेळ मांत्रिकाच्या ओसरीवर गेला, तर पुढें धन्वंतरीचाहि इलाज चालत नाहीं. कित्येकदां साप बिनविषारी असतो, किंवा विषारी सापानेंहि दंशांत विष सोडलेलें नसतें. असा रोगी कोणत्याहि मंत्राशिवाय बरा होतो, आणि मांत्रिकाची कीर्ति मात्र गांवभर पसरते. महाराष्ट्र राज्यानें इ. स. २०१३ मध्यें नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा जो कायदा केला, त्यांत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणें हा अपराध ठरविला आहे. या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरांत कायदा संमत झाला.

दाभोलकरांनीं इ. स. १९८९ मध्यें स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांतून जे प्रयोग करून दाखवितात, ते आमच्या मतें कंजरर या शब्दाच्या उत्तम अर्थाचें उदाहरण होत. पाण्यानें दिवा पेटतो, हा ‘चमत्कार’ ते करतात; आणि मग भांड्याच्या तळाशीं ठेवलेलें कॅल्शियम कार्बाइड दाखवून सांगतात, कीं पाणी पडतांच त्यांतून ॲसिटिलीन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो, आणि जळतो तो वायु, पाणी नव्हे. पाहणाऱ्याचें आश्चर्य त्यामुळें नाहींसें होत नाहीं. तें भोळ्या कौतुकाच्या जागीं जिज्ञासेचें आश्चर्य होतें.

विद्यार्थिमित्रहो, शेवटीं तुमच्या मूळ शंकेकडे वळूं. ‘ई-आर्’ लिहा किंवा ‘ओ-आर्’ लिहा. त्यानें कंजररची पारख होत नाहीं. पारख त्याच्या दाव्यानें होते. जो म्हणतो, “हा खेळ आहे,” आणि तुमच्या डोळ्यांपुढें डोळ्यांनाच चकवितो, तो प्रामाणिक कलावंत होय. त्याला टाळ्या द्या, आणि वाटल्यास युक्ति शोधण्याचा प्रयत्नहि करा. जो म्हणतो, “हें सामर्थ्य आहे,” आणि तुमच्या दुखण्यावर, शोकावर किंवा भीतीवर आपली झोळी भरतो, त्याच्यापुढें हात जोडण्यापूर्वीं त्याचे हात नीट पाहा. आणि पालकहो, घरांत कोणास साप चावला, तर शब्दांच्या कुळकथा बाजूस ठेवून प्रथम जवळच्या रुग्णालयाची वाट धरा. आपल्या मुलांनीं इंग्रजी शब्दांचे अर्थ शिकावे, अशी आपली इच्छा असते. माणसांच्या शब्दांचा खरेखोटेपणाहि त्यांस ओळखतां यावा, ही इच्छा त्याहून थोर आहे.